आठ कड्या आणि साडेपाच किलोमीटर फायबर

वेस्ट लाफिएट, इंडियाना

चि. मुक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

रेडिओलहरच हवी तर मध्ये प्रकाश कशाला, असं विचारलंस. वीस-तीस गीगाहर्ट्झची लहर नुसती हवी असेल तर नकोच. पण मध्येच वारंवारता बदलणारी किंवा अर्ध्या वाटेत फेज उलटणारी (उंचवट्याच्या जागी खळगा येणारी) लहर इलेक्ट्रॉनिक्सने काढायची तर यंत्र फार महाग पडतं. प्रकाशात तो आकार आधी तरंगलांब्यांमध्ये काढता येतो. मग साधं टेलिकॉमचं फायबर तो काळात उलगडून देतं.

स्वारगेटहून एकदम सुटलेल्या एसट्या आठव. साताऱ्यापर्यंत त्या आपापल्या वेगाप्रमाणे पांगतात. 1550 नॅनोमीटरजवळ नेहमीच्या फायबरमध्ये आखूड तरंगलांबी पुढे जाते, लांब मागे राहते: दर नॅनोमीटरला, दर किलोमीटरला 17 पिकोसेकंद. साडेपाच किलोमीटरच्या रिळात हे अंतर नॅनोमीटरमागे साधारण 93 पिकोसेकंद होतं. 20 गीगाहर्ट्झच्या लहरीचे उंचवटे 50 पिकोसेकंदांवर हवेत, म्हणजे फिल्टरने निवडलेल्या तरंगलांब्या 0.53 नॅनोमीटरवर ठेवायच्या. सगळं गणित या एका भागाकारात आहे.

क्रम असा: मोड-लॉक्ड लेसरचा (अतिशय आखूड स्पंद देणाऱ्या लेसरचा) स्पंद, फिल्टरची चिप, अँप्लिफायर, फायबरचं रीळ, प्रकाशाची वीज करणारा वेगवान फोटोडिटेक्टर, आणि लहर पडद्यावर दाखवणारा सँपलिंग ऑसिलोस्कोप. इथे पर्ड्यू विद्यापीठात 2010 साली आठ सिलिकॉन कड्यांच्या (प्रकाश गोल फिरवणाऱ्या सूक्ष्म वर्तुळाकार वाटांच्या) चिपवर हेच करून 60 गीगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी काढल्या होत्या. प्रत्येक कडी एक तरंगलांबी उचलते, म्हणजे लहरीचा एक उंचवटा. कडीवरचा हीटर तापवला की उंचवटा पुढेमागे सरकतो. प्रकाशाची वाट कडीला जिथे जोडते तिथला दुसरा हीटर त्याची उंची कमीजास्त करतो. मागच्या चार कड्यांच्या तरंगलांब्या 0.27 नॅनोमीटरने सरकवल्या की लहरीची फेज मधोमध उलटते. कड्यांच्या तरंगलांब्यांमधलं अंतर क्रमाने वाढवत नेलं की रडारला लागतो तसा चर्प, म्हणजे वारंवारता बदलत जाणारी लहर, मिळते.

डोकेदुखीही तिथेच. सिलिकॉनच्या कडीची तरंगलांबी एका अंशाला सुमारे 0.08 नॅनोमीटर सरकते, म्हणजे उंचवटा सात-आठ पिकोसेकंद हलतो. एक कडी तापवली की शेजारणीलाही ऊब लागते. म्हणून एकेक कडी कायमची लावून पुढे जाता येत नाही. आठही लावायच्या, पुन्हा पहिलीपासून फिरायचं, असे तीन-चार फेरे होतात. चिपखाली तापमान धरून ठेवणारा कूलर नसेल तर हे फेरे संपतच नाहीत.

अँप्लिफायर चिपच्या आधी लावायचा मोह होतो, कारण चिपमध्ये शिरताना बराच प्रकाश वाया जातो. तो लावू नये. तीव्र स्पंदात सिलिकॉन एका वेळी दोन फोटॉन गिळतं, त्यातून सुटे विद्युतभार तयार होतात आणि कडीची तरंगलांबी जागची हलते.

नवख्यांची दुसरी चूक म्हणजे फिल्टर जितका अरुंद तितका उंचवटा टोकदार, ही समजूत. 0.02 नॅनोमीटर रुंदीचा पट्टा उचलणारी कडी प्रकाश साठ-सत्तर पिकोसेकंद आतच घोळवते. फायबर त्या पट्ट्याला जेमतेम दोन पिकोसेकंद ताणतं, म्हणून दिसतं ते नुसतं शेपूट. साधारण 0.2 नॅनोमीटर रुंदी या रिळाला मानवते.

आणखी एक: डिटेक्टर तीव्रता मोजतो, शून्याखाली जातच नाही. म्हणून आधी डीसी ब्लॉक (सिग्नलचा स्थिर भाग अडवणारा) लावून पाहा. खरी धन-ऋण लहर हवी असेल तर जोडीचा बॅलन्स्ड डिटेक्टर (दोन डिटेक्टरांची वजाबाकी देणारा) लागतो. लहर सलगही नसते. 50 मेगाहर्ट्झच्या लेसरचे स्पंद 20 नॅनोसेकंदांवर येतात, त्यात आपल्या आठ उंचवट्यांची लहर अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी.

तुझ्या प्रोजेक्टला चिप मिळणार नाही, पण सिम्युलेशन लॅपटॉपवर होईल. स्पंदाचं फूरिये रूपांतर (वारंवारतांमध्ये विभागणी), त्यावर आठ फिल्टर, मग फायबरची वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलणारी फेज, उलटं फूरिये रूपांतर, शेवटी तीव्रतेसाठी वर्ग. काळाची खिडकी निदान दोन नॅनोसेकंद ठेव, नाहीतर लहरीचं शेपूट गुंडाळून पुढच्या टोकाला येतं आणि तुला वाटेल फिल्टर चुकला. आलेख पाठवशील तेव्हा आडव्या अक्षावर पिकोसेकंद लिही.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई