हिवाळा गेल्यावर आलेली माघार

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता, तोच ब्रिटनच्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी २२ अब्ज पौंडांच्या तुटीकडे बोट दाखवत वृद्धांच्या हिवाळी इंधन भत्त्याला कात्री लावली. वर्षाला २०० ते ३०० पौंडांची ही मदत मुख्यतः ‘पेन्शन क्रेडिट’ म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत घेणाऱ्यांपुरती उरली आणि सुमारे १ कोटी वृद्ध एका फटक्यात वगळले गेले. एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची उत्पन्नमर्यादा तेव्हा होती आठवड्याला २१८.१५ पौंड. तिच्या जेमतेम वर असणाऱ्यांनी काय करायचे?

आमच्या शेजारच्या आजी त्या थंडीत भरदुपारी ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात बसायच्या. ओट्यावरच्या स्मार्ट मीटरचा आकडा चढला की मुकाट्याने उठून हीटर बंद करायच्या. ते बघवत नसे.

जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना भत्ता परत मिळाला. हे चांगलेच झाले. पण मधला हिवाळा गेला तो गेलाच, त्याची भरपाई मिळाली नाही. आता भत्ता आपोआप जमा होतो, वरच्या उत्पन्नगटाकडून तो करातून वळता होतो. मग पेन्शन क्रेडिटसाठीच लांबलचक अर्ज कशाला? लाखो पात्र वृद्ध तो भरतच नाहीत. सरकारकडे उत्पन्नाच्या नोंदी आहेत. त्यांवरून तेही थेट खात्यात जमा करावे.

– एक वाचक, लेस्टर