तुझी खोली

सफोक
झावळ्यांचा रविवार, १० एप्रिल २०२२

प्रिय अमोल,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवून दिलास म्हणून लिहायला बसले. फोनवर मी चढ्या आवाजात बोलते आणि तू ऐकेनासा होतोस. चूक माझीच. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने कुणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, तसंच मी तुझ्या खोलीचं केलं.

झालं असं. उपासनेनंतर पाळकबाईंनी विचारलं, युक्रेनच्या लोकांसाठी कुणाकडे खोली आहे का? सरकार महिन्याला ३५० पौंड देतंय, हेही सांगितलं. सगळे बुटांकडे बघायला लागले. मीसुद्धा. मग चहाच्या वेळी ती जांभळ्या टोपीवाली आजी, तुला पेपरमिंट द्यायची ती, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मी याच हॉलमध्ये उरले होते."

ती मुळातली लंडनजवळच्या डॅगनमची, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. १९३९ च्या १ सप्टेंबरला, शुक्रवारी, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने तिथल्या शाळकरी पोरांना आगबोटींत घालून थेम्समधून आपल्या किनाऱ्यावर पाठवलं. ही सहा वर्षांची, भाऊ आठचा. कोटाला नावाची चिठ्ठी, गळ्यात गॅस-मास्कचं खोकं. लोस्टॉफ्टला उतरून दोन रात्री एका शाळेत गवतावर झोपले आणि रविवारी गावात आले. त्या दिवशी देवळात सकाळची उपासना चालू होती. सव्वाअकराला युद्ध सुरू झाल्याचं सांगणारं पंतप्रधान चेंबरलेनचं भाषण झालं, ते पाळकांच्या घरी रेडिओवर ऐकून कुणीतरी चिठ्ठी आत नेऊन दिली. स्तोत्र संपल्यावर त्यांनी ती वाचून दाखवली म्हणे.

आणि दुपारी हॉलमध्ये बैलबाजार! शेतकऱ्यांनी दणकट पोरं आधी उचलली. भाऊ गेला. हिच्या डोक्यात उवा, नाक वाहतंय. कोण घेणार? आता हिशेब बघ: घरात एकच मूल ठेवलं तर सरकारकडून आठवड्याला साडेदहा शिलिंग, एकाहून जास्त असली तर प्रत्येकी साडेआठ. म्हणजे बहीण-भाऊ दोन घरांत गेले की दोन्ही घरांना जास्त पैसे. असा नियम करणाऱ्याला भावंडं नसावीत.

शेवटी घंटा वाजवणाऱ्याच्या बायकोने तिला नेलं. डोकं रॉकेलने धुतलं, आणि रात्री अंथरूण ओलं झालं तर सकाळी त्याचा उच्चारही केला नाही. आजीने मला पाळकांच्या खोलीतली खिडकी दाखवली. चौकटीला अजून बारीक भोकं आहेत, विमानांना उजेड दिसू नये म्हणून काळं कापड ठोकलेल्या खिळ्यांची. देवळाच्या मोठ्या खिडक्या झाकणं मात्र शक्यच नव्हतं, म्हणून हिवाळ्यात संध्याकाळची उपासना दुपारी तीनला घ्यायचे. जून १९४० पासून घंटाही बंद. वाजली तर जर्मन उतरले समजायचं. पुढे १५ नोव्हेंबर १९४२ ला, इजिप्तमधल्या एल अलामेनच्या विजयासाठी, त्या माणसाने पुन्हा दोर ओढला, तेव्हा सवय मोडल्यामुळे त्याच्या तळहातांना फोड आले. लोणी आजीनेच लावलं. रेशनचं लोणी, त्यावरून बोलणी खाल्ली, हे सांगताना ती आत्ताही हसत होती.

भावाचं विचारलं तर म्हणाली, नाताळाला आई त्याला परत घेऊन गेली. पुढचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

घरी येऊन मी बाबांनाही न सांगता अर्ज भरला. आई आणि मुलगी, दोघी एकत्र, असं स्पष्ट लिहिलं. व्हिसा अजून आलेला नाही. किमान सहा महिने राहतील, म्हणजे जूनमध्ये तू बैठकीतल्या सोफ्यावर. पाय बाहेर येतील, माहीत आहे मला.

तुझं सामान तीन खोक्यांत भरलंय. कुठलं उघडायचं नाही ते कळव. आणि भिंतीवरचा धोनी काढू की राहू दे?

तुझी,
आई