फोटो जुना, नाणे घासलेले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे सांगून भोळ्या माणसांना गंडवणाऱ्यांविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून छापून येते. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये, बँकेचे नाव पुढे करून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे आवाहन केले होते. ती लबाडी उघड आहे आणि तिच्याविषयी मला वेगळे काही सांगायचे नाही. मला लिहायचे आहे ते नाणी जमवणाऱ्या आम्हा मंडळींतच सर्रास चालणाऱ्या आणि कोणाला फारशी न खटकणाऱ्या एका सवयीविषयी. ती सवय म्हणजे दुसऱ्या विक्रेत्याने काढलेला नाण्याचा फोटो उचलायचा आणि त्यावर आपले नाणे ऑनलाइन विकायचे.

मी गेली पंचवीसेक वर्षे नाणी जमवतो. धंदा करत नाही. संग्रहात एकाच प्रकारची दोन-तीन नाणी झाली की त्यांतले एखादे विकतो आणि त्या पैशांत न मिळालेले घेतो. गेल्या वर्षी अशीच एक दुदांडी शिवराई मी चारशे रुपयांना दिली. वाचकांपैकी ज्यांनी हे नाणे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, शिवराई हे तांब्याचे नाणे असून तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेले हे नाणे पुढे पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिले आणि ‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या नाण्याला दुदांडी म्हणायची पद्धत पडली. माझ्या नाण्यावर ‘ति’च्या वेलांटीवर छिन्नीचा एक जुना घाव होता. फोटो काढताना मी ते आमच्या घरातल्या एका निळ्या खणाच्या तुकड्यावर ठेवले, शेजारी मुलाच्या कंपासपेटीतली कोपरा मोडलेली पट्टी ठेवली आणि सकाळी दहाच्या सुमारास सोप्यात तिरपे ऊन येते तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. फ्लॅश मी वापरत नाही, कारण त्याने तांब्याचा खरा रंग कळत नाही.

दिवाळीनंतर सांगलीहून, विश्रामबागेत राहणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी माझ्याकडून पूर्वी काही नाणी घेतली होती. ‘तुमची निळ्या खणावरची शिवराई मी अकराशेला घेतली, पण आलेले नाणे नव्या पितळी कडीसारखे चमकते आहे,’ असे ते म्हणाले. मी तर त्यांना काहीच विकलेले नव्हते. चौकशी केल्यावर उलगडा झाला. माझ्याकडून चारशेला नाणे घेणाऱ्या तरुणाने ते घरी नेऊन चिंच आणि मीठ लावून घासले, आणि नंतर माझाच फोटो, मोडक्या पट्टीसह, लावून ते विक्रीस ठेवले. नाणे तेच होते. घावही जागच्या जागी होता. मात्र दोन-अडीचशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी थर अर्ध्या तासात धुऊन गेला होता. चिंचेतले आम्ल तो थर खाऊन टाकते आणि तो पुन्हा आणता येत नाही. जाणकार ग्राहक पैसे मोजतो त्यात मोठा वाटा त्या थराचा असतो.

मी त्या तरुणाला फोन केला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. ‘काका, नाणे तुमच्याकडूनच रीतसर घेतले, मग त्याचाच फोटो लावला तर बिघडले कुठे?’ असे त्याने विचारले, आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. नाणे त्याचे होते. ते घासायचा, विकायचा, वाटले तर वितळवायचाही त्याला अधिकार होता. चारशेचे अकराशे केले याबद्दलही माझी तक्रार नाही. विकल्यावर किंमत ठरवणारा मी कोण? पण विक्रीला ठेवलेल्या नाण्याचा फोटो हे एक विधान असते. ‘आज हे नाणे माझ्याजवळ आहे आणि ते असे दिसते’ एवढेच ते सांगते, आणि त्याच्या बाबतीत त्यातला उत्तरार्ध खोटा होता.

कपडे किंवा मिक्सर विकताना कंपनीचा फोटो लावला तर चालते, कारण एकाच साच्यातल्या हजार वस्तू सारख्याच निघतात. शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असते. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे कुठल्या नाण्यावर ‘श्री’ अर्धी उमटते, कुठे ‘जा’चा काना कापला जातो, कुठे ठशाचा कडेचा ठिपक्यांचा गोल दिसतो तर कुठे मुळीच दिसत नाही. तेव्हा दोन शिवराया तंतोतंत सारख्या सापडायच्या नाहीत. समोर नाणे हातात घेऊन पाहण्याची सोय नसताना ग्राहक जे विकत घेतो ते फोटोतले नाणे असते. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात, तिथे दुसऱ्या अडत्याच्या पोत्यातले हळकुंड दाखवून आपली पोती विकायला कोणी धजावेल का? ऑनलाइन मात्र तेच करताना कुणाचा हात थांबत नाही.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांबाबत हे लागू नाही, असे मलाही पूर्वी वाटत असे, आणि त्यातून माझ्याच हातून एकदा चूक झाली. १९६८ ते १९७१ या काळात निघालेले कमळाचे पिवळे वीस पैसे बहुतेक घरांत देवाच्या डब्यात सापडतात. तशी पंधरा नाणी मी एकाच फोटोवर विकली. फोटो माझाच होता, पण एकाच नाण्याचा होता आणि त्या नाण्यावर सालाखाली मुंबई टांकसाळीची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक खूण होती. कराडच्या एका विद्यार्थ्याला मी पाठवलेल्या नाण्यावर ती खूण नव्हती, म्हणजे ते कोलकात्याचे होते. त्याला नेमके मुंबईचेच हवे होते. मी क्षमा मागून बदलून दिले, परंतु पंधरा ग्राहकांपैकी आणखी किती जणांना वेगळे नाणे गेले आणि ते गप्प राहिले, याचा हिशोब मला आजही लागत नाही. ‘नमुना छायाचित्र’ असे दोन शब्द लिहिले असते तरी भागले असते.

याहून वाईट प्रकार म्हणजे नाणे जवळ नसतानाच ते विकणे. एखाद्याचा फोटो उचलून वाढीव भावाने आपल्या नावावर टाकायचा, ग्राहक मिळाला की मूळ विक्रेत्याकडून घेऊन पाठवायचे आणि मधले पैसे खिशात घालायचे. यात कोणाचे काय गेले, असे विचारले जाते. मूळ नाणे दरम्यान दुसऱ्याने घेतले तर काय होते, हे मी दोनदा पाहिले आहे. मध्यस्थ घेतलेले पैसे परत करत नाही. त्या जातीचे मिळेल ते हलके नाणे शोधून पाठवतो. शिव्या मात्र ज्याचा फोटो ओळखीचा असतो त्या मूळ विक्रेत्याला बसतात.

आणखी एक नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. शिवराईवर सहसा साल नसते. ती कोणत्या ठशातून निघाली, कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा, हे अभ्यासक शेकडो नाण्यांच्या छायाचित्रांची अक्षर न् अक्षर तुलना करून ठरवतात. एकाच नाण्याचा फोटो चार जणांच्या नावावर फिरू लागला की एका दुर्मिळ ठशाची चार नाणी अस्तित्वात आहेत असा समज होतो. ज्या साताऱ्यात १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तिथल्या माणसाला तरी याचे वाईट वाटावे.

कायद्याचा विचार मी केला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली असून तिच्यावरचा हक्क सर्वसाधारणपणे ती काढणाऱ्याचा असतो. खणावर ठेवलेल्या तांब्याच्या तुकड्याच्या फोटोसाठी कोर्टाची पायरी चढण्याइतकी हौस मला नाही. मला १९३० चा मालविक्रीचा कायदा जास्त जवळचा वाटतो, कारण वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे अशी साधी अट त्यात आहे. फोटोवर आडवे नाव छापायचा उपायही काही जण सुचवतात. मी तो करून सोडून दिला, कारण नाव नेमके जिथे अक्षरे पाहायची तिथेच येते. अलीकडे मी नाण्याशेजारी आपल्या दैनिकाचा तारखेचा कोपरा ठेवून फोटो काढतो आणि घेणाऱ्यांनाही सांगतो की, पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्या दिवसाच्या तारखेसह फोटो मागा. ज्याच्याजवळ नाणे आहे त्याला हे काम पाच मिनिटांचे आहे.

त्या शिवराईचे पुढे काय झाले तेही सांगतो. तरुणाने सातशे रुपये परत केले आणि सांगलीच्या गृहस्थांनी नाणे ठेवून घेतले. मागच्या महिन्यात ते काही कामानिमित्त साताऱ्यास आले तेव्हा ते सोबत घेऊन आले. सकाळी दहा वाजता त्याच खणावर, त्याच पट्टीशेजारी आम्ही त्याचा पुन्हा फोटो काढला. दोन्ही फोटो त्यांनी आपल्या वहीत शेजारी शेजारी चिकटवले आहेत आणि दुसऱ्याखाली तारीख घालून ‘चिंचेने घासलेले’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक
शनिवार पेठ, सातारा