‘फारसा फरक नाही’ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमआरआय बघून डोळ्याच्या नसेवरची गाठ पुढे वाढेल का ते कॉम्प्युटर सांगणार, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं म्हणून लिहितोय. माझ्या मुलीला एनएफ-1 (न्यूरोफायब्रोमॅटोसिस, नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) आहे आणि चौथ्या वर्षी ऑप्टिक ग्लायोमा, म्हणजे हीच डोळ्याच्या नसेवरची गाठ, निघाला, आता ती सातची आहे. एनएफ-1 असलेल्या साधारण 15 ते 20 टक्के मुलांना ही गाठ होते, त्यातल्या बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं जागची हलत नाही आणि काहींची नजर मात्र जाते, आणि आपलं पोर कुठल्या गटात ते आधी कळत नाही, हीच खरी गोची.

गंमत म्हणजे नुसत्या फोटोवरून डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही. गाठ वाढते आणि नजर टिकते, किंवा गाठ तेवढीच आणि नजर उतरते, असं दोन्ही होतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनलमधल्या डॉक्टरांनी 2016 मध्ये नसेचं एकूण घनफळ मोजून पाहिलं, तर ते जितकं जास्त तितका डोळ्याच्या पडद्यावरचा नसेच्या तंतूंचा थर पातळ, म्हणजे नसेची झीज जास्त, असं निघालं. म्हणजे आकडा कामाचा आहे, पण मोजला तर ना!

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी पोरीला उपाशी ठेवायचं, गुंगीचं औषध द्यायचं (आईचा जीव तेव्हा कुठे असतो विचारू नका), आणि रिपोर्टात एक ओळ, ‘मागच्या स्कॅनच्या तुलनेत फारसा फरक नाही’. फारसा म्हणजे किती? मागचा स्कॅन दुसऱ्या सेंटरला, दुसऱ्या मशीनवर झालेला, त्याची सीडी मी पुढे केली तर टेबलवर तशीच पडून राहिली.

रेडिओलॉजिस्ट मंडळींना एवढंच म्हणणं आहे की घनफळ मोजून आकडा लिहा, आणि पालकांनो, जुन्या सीडी टाकू नका, जमेल तितकं एकाच मशीनवर करा. आणि हो, केमो सुरू करायची का हे आमच्या डॉक्टरांनी ठरवलं ते मुख्यतः नजर तपासून, चित्रं ओळखायला लावून, त्यामुळे एमआरआय नीट आला म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवू नका. लहान मुलाच्या अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे, 5 मिलीमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग दिसले तर ‘जन्मखूण असेल’ म्हणून सोडू नका, ती एनएफ-1 ची खूण असू शकते. आम्ही तीन वर्षं तेच म्हणत होतो.

आपला,
एक पालक, सातारा