अभिप्राय घ्या, पण रिसेप्शनच्या टेबलावर नको

मा. मंत्री महोदय,
ज्येष्ठ नागरिक कल्याण विभाग

विषय : असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामात मदतीसह राहण्याची सोय) व मेमरी केअर (स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल) केंद्रांबद्दल कुटुंबीयांचा अभिप्राय घेण्याची पद्धत

स. न. वि. वि.

केंद्राचा परवाना देताना कुटुंबीयांचं मत जमेस धरावं, ही मागणी रास्तच आहे. आमची हरकत ते मत गोळा करण्याच्या रीतीला आहे. फॉर्म मॅनेजर पुढे करतो, पेनही त्याचंच, आणि आई आत त्याच्याच माणसांच्या हवाली. अशा वेळी चार ताऱ्यांच्या खाली कोण उतरेल? भरणारा बहुधा पैसे देणारा असतो, रोज येऊन बसणारा नव्हे. ज्यांनी दोन-तीन महिन्यांत आपला माणूस तिथून हलवला, किंवा ज्यांचा माणूस गेला, त्यांच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही. नाराज आधीच निघून गेलेले, उरलेले धास्तावलेले, आणि सरासरी मात्र झकास.

त्यात विचारतात काय? स्वच्छता, वागणूक, बाग. कुटुंबाला दिसतं ते सुट्टीच्या सकाळचं केंद्र. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) माणसाची घालमेल बऱ्याचदा दिवस कलल्यावर वाढते. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, दाराशी खटपट होते. अनेक ठिकाणी त्याच सुमाराला शिफ्ट बदलते. जाणारीला निघायची घाई, येणारीला दुपारी कोण जेवलं नाही याचा पत्ता नाही. माणूस दाराबाहेर पडायला एवढी फट पुरते.

रात्रीचं तर कुणालाच दिसत नाही, म्हणून कूस बदलण्याचा तक्ता बघावा लागतो. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवतात. माकडहाड आणि टाचा आधी लाल होतात. लाल जागा बोटाने दाबून सोडली आणि ती पांढरी पडली नाही, तर बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली असं समजायचं. तक्त्यावर १०, १२, २, ४, ६ अशा सगळ्या नोंदी असतात. पण शाई एक, अक्षराचा कल एक, पाचही सह्या एका दमात ठोकलेल्या. वजनदार माणसाला नीट वळवायला दोघी लागतात. एक रजेवर गेली की उरलेली मावशी माणसाला वळवू शकत नाही, तक्ता तेवढा भरू शकते. तिला कामचुकार म्हणणं सोपं आहे. चूक ड्यूटी लावणाऱ्याची आहे.

कुटुंबीय मोकळेपणाने तक्रार करतात ती भलत्याच गोष्टींची : नाकावर दुसऱ्याचा चष्मा, कवळी हरवली, कानाचं मशीन बंद. दफ्तरी याला ‘किरकोळ’ म्हणतात. आमच्या मते सगळ्यात खरी माहिती इथेच असते. मशीनमधला बटणाएवढा सेल साधारण आठवडाभर चालतो. तो संपला की बाई हाकेला ओ देत नाही, आणि नोंद होते ‘प्रतिसाद कमी, आजार वाढला’. कवळी नाही म्हणून पातळ खाणं सुरू होतं, आणि कपडे अंगावर लोंबायला लागतात. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरणं धोक्याचं मानतात. ५० किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो. पण दर महिन्याला वजन केलंच नाही, तर ते कळणार कुणाला?

दुसरं, गुंगीचं औषध. आरडाओरडा करणारा, अंगावर येणारा माणूस अनेकदा दुखतंय हेच सांगत असतो. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, लघवीतला जंतुसंसर्ग, दुखरा दात हे आधी तपासायला हवं. बोलता न येणाऱ्यांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण. पाच मिनिटं निरखलं की होतं. ते टाळून थेट अँटिसायकॉटिक (गंभीर मनोविकारांवरचं औषध) देतात. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही छापायला लावला. कुटुंब मात्र ‘हल्ली शांत असते’ म्हणून वर एक तारा जास्त देतं.

कुटुंबांचंही सगळं बरोबर असतं असं नाही. ‘पडू नये म्हणून खुर्चीला बांधा’ असा आग्रह तीच धरतात. पलंगाला कठडे लावायला सांगतात. मग गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि अधिक उंचीवरून पडतो. त्यामुळे नुसती मतं मोजू नका, त्यांनी पाहिलेलं विचारा.

फॉर्म आपल्या कार्यालयातून थेट घरी जावा आणि थेट परत यावा. दाखल झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा, आणि केंद्र सोडल्यावर किंवा मृत्यूनंतर काही काळाने पुन्हा एकदा. प्रश्न गेल्या ३० दिवसांपुरते असावेत. संध्याकाळी सातनंतर कधी गेला होतात का, तेव्हा किती माणसांमागे किती कर्मचारी होते? शेवटचं वजन किती, कोणत्या तारखेचं? नवीन औषध सुरू करण्याआधी विचारलं की नंतर कळवलं? चष्मा, कवळी, कानाचं मशीन जागेवर होतं का? उत्तरं केंद्राच्या नोंदींशी ताडून बघा. तफावत सापडेल तिथे तारे बाजूला ठेवा.

तपासणी पथकं आधी कळवून सकाळी अकराला जातात, ते बंद करा. न सांगता पहाटे तीनला जाऊन कूस बदलण्याचा तक्ता हातात घ्यावा. बारा आणि दोनचे रकाने रिकामे असले, किंवा चार-सहाचे आधीच भरलेले असले, तर त्या रात्री ड्यूटीवर कितीजणी आहेत एवढंच विचारावं.

आपले,
डिमेन्शिया रुग्णांची देखभाल करणारे कर्मचारी व कुटुंबीय