दाराशी नोंदवही घेऊन बसलेल्यांना

कॉलरा उपचार केंद्रांतल्या सहकाऱ्यांनो,
सप्रेम नमस्कार.

साथ ओसरली की सलाईन लावणाऱ्यांचे आभार सगळेच मानतात, आणि मानायलाच हवेत. हे पत्र मात्र नोंदवहीसाठी.

‘लक्षणं कधी सुरू झाली’ या रकान्यात तुम्ही रुग्ण केंद्रात आल्याची तारीख टाकून मोकळे झाला नाहीत. जुलाब नक्की केव्हा लागले, हे उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाला पुन्हा विचारलंत. लागण झाल्यावर लक्षणं काही तासांत दिसतात, किंवा ५ दिवसांनीही. त्यात तारीखही चुकली की आलेख पुढे सरकतो आणि पथक भलत्याच पाण्यामागे धावतं. पत्त्याचंही तसंच. नुसतं शहराचं नाव लिहिलं तर नकाशावर सगळे रुग्ण एकाच ठिपक्यात जमतात. तुम्ही वस्ती लिहिलीत, पाणी कुठून भरता तेही लिहिलंत.

वयापुढे ‘महिने’ लिहायला विसरला नाहीत, याचे तर विशेष आभार. साथ जाहीर नसलेल्या भागात २ वर्षं किंवा त्यावरच्या रुग्णाला पाण्यासारखे जुलाब आणि तीव्र शुष्कता असेल तर तो कॉलराचा संशयित. ८ महिन्यांचं बाळ वहीत ८ वर्षांचं झालं, की नाहक धावपळ.

शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घेतलात, जंतू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत ठेवणाऱ्या केरी-ब्लेअर माध्यमात ठेवलात आणि सवयीने फ्रिजमध्ये ढकलला नाहीत. थंडीत हे जंतू तग धरत नाहीत. नळीवर आणि वहीत क्रमांक एकच होता, म्हणून प्रयोगशाळेचा निकाल योग्य रुग्णापाशी पोचला. दुसऱ्या केंद्रात हलवलेल्या रुग्णाचा जुना क्रमांकही सोबत पाठवलात, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जातो.

वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आत राहतं. पण घरी किंवा वाटेत दगावलेले मोजलेच नाहीत तर तो आकडा फसवा. ती वेगळी यादी तुम्ही ठेवलीत. जलसंजीवनीचं केंद्र पुढे कुठे उघडायचं, हे तिच्यावरूनच ठरलं.

एकही रुग्ण नसलेल्या दिवशी ‘शून्य’ कळवलंत. कोऱ्या रकान्याचा अर्थ आम्हाला लावता येत नाही.

आणि हो, ती पेन्सिल! ०.२ टक्के क्लोरीनचं पाणी शिंपडलं की पेनची शाई फिकी होते. तुमची पानं अजून वाचता येतात.

आपले,
साथनियंत्रण कक्षातले सहकारी