३८ दिवसांचा दंड

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी तुमच्या वाचनालयाची तीन पुस्तकं ३८ दिवस उशिरा आणून दिली. तुम्ही नोंदवही उघडलीत, चष्मा नाकावर घेतलात, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलंत आणि वही मिटलीत. ‘‘पैसे राहू देत. पुस्तकं कशी वाटली ते लिहून द्या. तोंडी नको, मागे लोक उभे आहेत.’’ मागे एकच आजोबा उभे होते आणि ते जुना दिवाळी अंक चाळण्यात दंग होते, पण असो.

तर हा दंड. तो भरता भरता आभारही मानून घेते. समोर उभं राहून मानायला गेलं की तुम्ही ‘‘तुमची वर्गणी संपत आलीय’’ असं काहीतरी म्हणून विषय उडवून लावता. म्हणून चार लोकांसमोर, लेखी.

दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पलंगाशेजारी वॉकर आला. दिवसा मावशी असायच्या, रात्र माझी. दर दोन-अडीच तासांनी त्यांना उठवावं लागे आणि मधल्या वेळात मला झोप लागत नसे. वाचू म्हटलं. तुमच्याकडून एक भरभक्कम कादंबरी नेली होती, जिच्याबद्दल सगळे आवाज खाली आणून बोलतात तशी. तीन आठवड्यांत ४१ पानं झाली, तीही दोन-दोनदा वाचलेली. शेवटी एका दुपारी दीड वाजता परत करायला आले. (नारायण पेठेत त्या वेळेला उघडं असलेलं तुमचं एकमेव दार. रात्र जागलेल्या माणसाला दुपारच मोकळी मिळते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.) मान खाली घालून म्हणाले, ‘‘काहीतरी हलकं द्या.’’

‘‘हलकं म्हणजे वजनाला?’’

मी हसलेसुद्धा नाही. मग तुम्ही विचारलंत, ‘‘कुठल्या पानावर सुटलं?’’

मी सांगितलं. तुम्ही पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद काढलात आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक ४१ लिहिलंत. तिथे आधीच ३९, ४४ आणि ४० होते. ‘‘हा स्टॉपच आहे,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘सगळे इथेच उतरतात.’’

त्या दिवशी लकडी पुलावरून परत जाताना मी एकटीच हसत होते. डोकं गेलंय, वाचन गेलं, आता आपलं काही खरं नाही, असं तीन आठवडे वाटत होतं. आणि निघाला तो स्टॉप!

तेव्हा तुम्ही पहिलं पुस्तक हातात ठेवलंत ते फ्रीडा मॅकफॅडनचं ‘द हाउसमेड’, २०२२ सालचं. लेखिका पेशाने डॉक्टर आहे, मेंदूच्या इजांवर काम करणारी, हे तुम्हीच सांगितलंत. मिली नावाची तुरुंगातून सुटलेली, गाडीतच झोपणारी मुलगी एका श्रीमंत घरी कामाला लागते. माळ्यावरची खोली मिळते. खोलीला कडी आहे, पण बाहेरून. एवढं वाचलं आणि बाबांना उठवायची वेळ दहा मिनिटांनी हुकली. भाषेचं म्हणाल तर काही नाही, वाक्यं सगळी एका मापाची. पण ते स्वयंपाकघर! बाई स्वतः पसारा करते आणि कामवालीवर ओरडते, ते वाचताना आमच्या मावशींसमोर मला दोन दिवस संकोचल्यासारखं झालं. मध्यावर गोष्ट कूस बदलते तिथे मी उठून बसले. शेवट मात्र मला फार सोयीचा वाटला. तुम्ही विचारलंत, पान? मी म्हटलं, सुटलं नाही, पण शेवटच्या तीस पानांत वेग वाढला आणि विश्वास कमी झाला. तुम्ही काही लिहिलं नाहीत, नुसतं ‘‘हं’’ केलंत. तुमच्या ‘हं’चे निदान चार प्रकार आहेत. हा मान्य असल्याचा होता.

आता आपलं भांडण. अ‍ॅलेक्स मायकेलिडीसची ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) तुम्हाला भयंकर आवडते. चित्रकार बाई नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. तिला बोलतं करायला एक मानसोपचारतज्ज्ञ येतो. कल्पना बिनतोड, मान्य. उत्तर समजल्यावर मी पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. तुमचाच नियम लावायला: ‘‘लेखकानं फसवलं तर चालतं, खोटं बोललेलं चालत नाही.’’ हा नियम तुम्ही मला अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ देताना सांगितला होतात. ते १९२६चं पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की अंगावर काटा येतो, कारण एकही वाक्य खोटं नाही, आपणच त्याच्यावरून घसरून गेलेलो असतो. ‘सायलेंट पेशंट’मध्ये मात्र लेखक घटना कुठल्या काळातल्या आहेत हेच झाकून ठेवतो. वाक्यं खरी असतीलही, पण घड्याळ लपवलंय. मला ते चालत नाही. तुमच्या मते घड्याळ लपवणं हीसुद्धा फसवणूकच, म्हणजे चालणारी. काकू, दंडाच्या पत्रात शेवटचा शब्द माझा. नाही चालत.

प्रेमकथांचं मात्र मी तुमच्याकडूनच शिकले. पहिल्यांदा एक गुलाबी वेष्टणाची कादंबरी घेतली तेव्हा पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवली. तुम्ही ते पाहिलंत. आवाज न चढवता म्हणालात, ‘‘१९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही गोष्ट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, अश्लील म्हणून. १९६९ साली निर्दोष सुटली. मेथी वर ठेवायची गरज नाही.’’ दिवाळी अंकवाल्या आजोबांनी तेव्हा प्रथमच मान वर केली.

त्या गुलाबी पुस्तकांतलं मला सर्वांत आवडलं ते एमिली हेन्रीचं ‘बीच रीड’ (२०२०). प्रेमकथा लिहिणारी ती आणि ‘गंभीर साहित्य’ लिहिणारा तो शेजारी शेजारी राहायला येतात, दोघांचंही लिखाण अडलेलं, आणि पैज लागते की एकमेकांच्या प्रकारातलं पुस्तक लिहायचं. तो तिला दुःखाच्या शोधात नेतो, ती त्याला जत्रेत. ज्याला वाटतं प्रेमकथा लिहिणं सोपं, त्यानं एकदा लिहून बघावं, हे ती त्याला तोंडावर ऐकवते तेव्हा मला आमच्या ऑफिसातल्या दोन माणसांची नावं आठवली. मधला भाग जरा पसरट आहे, पाणी, वाळू, पुन्हा पाणी. पण एकमेकांना टोमणे मारत जवळ येणारी माणसं वाचायला सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला काय अडचण?

कॉलीन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’ (२०१६) तुम्ही प्रेमकथांच्या फडताळात ठेवत नाही. गल्ल्याशेजारी उभं करून ठेवता आणि मागणाऱ्या प्रत्येक मुलीशी दोन वाक्यं बोलता. मला वाटलं, एवढं काय? मुखपृष्ठावर फुलं आहेत, नायिका फुलांचं दुकान काढते, नायक न्यूरोसर्जन. मग तो प्रसंग येतो. भट्टीतलं भांडं हाताला भाजतं, ती हसते, आणि तो तिला ढकलतो. आणि काकू, मी त्याची बाजू घेतली! पानावर बोट ठेवून मनात म्हणाले, भाजलं होतं त्याला, चुकून झालं, किती वेळा माफी मागतोय बिचारा. पुढच्या पन्नास पानांत लेखिकेनं माझं ते मन माझ्यासमोर धरलं. पुस्तकात खोट पुष्कळ आहे. ती डायरीतली टीव्हीवाल्या बाईला लिहिलेली पत्रं मी सरळ ओलांडून गेले, आणि जुना मित्र जरा जास्तच वेळेवर हजर होतो. पण तो एक प्रसंग लिहायला कमी हिंमत लागली नसेल. हूवरनं शेवटच्या टिपणात आपल्या आईचं लिहिलंय, तेही वाचलं. २०२४ साली सिनेमा आल्यावर ते मागणाऱ्या मुली वाढल्या असतील. तुमची दोन वाक्यं काय असतात ते मी कधी विचारलं नाही, पण पुस्तक नेणाऱ्या मुली तुमच्याशी बोलून झाल्यावर लगेच निघत नाहीत, हे पाहिलंय.

सुहास शिरवळकरांबद्दल थोडक्यात. २०१३चा सिनेमा पाहून ‘दुनियादारी’ मागायला येणाऱ्या पोरांना तुम्ही ‘‘सिनेमा घरी ठेवून या’’ म्हणता. मी कॉलेजात वाचली तेव्हा प्रेमावर रडले होते. या वेळी प्रेमाचं राहिलं बाजूला, एसपी कॉलेजच्या कट्ट्यानंच धरून ठेवलं. एवढंच. जास्त लिहिलं तर पत्र त्याचंच होईल.

आणि आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते.

बाबा मराठीचे शिक्षक. रहस्यकथा म्हणजे भाजलेले शेंगदाणे, हात थांबत नाही आणि पोट भरत नाही, असं आयुष्यभर म्हणत आले. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोलणंच कमी केलं. पाय सुधारत होता, माणूस मिटत चालला होता. मी हे तुमच्याजवळ सहज बोलून गेले. तुम्ही आत गेलात, रिचर्ड ऑस्मनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) आणलंत आणि म्हणालात, ‘‘हे तुम्ही वाचू नका. सांगा त्यांना.’’

मग रात्री दोनच्या उठवणीनंतर मी मराठीतून सांगायला लागले. केंटमधली म्हाताऱ्या माणसांची एक वसाहत. दर गुरुवारी चौघं जमतात आणि न सुटलेले जुने खून सोडवतात. एलिझाबेथ पूर्वीची हेर, जॉइस नर्स होती आणि रोजनिशी लिहिते, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी. बाबा डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या रात्री म्हणाले, ‘‘आपल्या ज्येष्ठ नागरिक संघासारखंच दिसतंय. फक्त आपल्याकडे गुरुवारी उपास असतात.’’ तीन आठवड्यांतलं हे त्यांचं सर्वांत लांब बोलणं. पाचव्या रात्री जॉइसच्या मी गाळलेल्या एका परिच्छेदावर त्यांनी मला पकडलं. ‘‘इथं काहीतरी सोडलंस तू. दुवा लागत नाही.’’ साठ वर्षं व्याकरण तपासलेला कान!

एलिझाबेथच्या नवऱ्याला विस्मरण जडलंय. सगळं पुसत चाललंय, पण बुद्धिबळाचा पट मांडला की हात बरोबर चालतो. तो भाग बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला लावला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाकडून पट मागवला. ते कधीच फार खेळत नसत, आजही हरतातच. खुनी कोण याचा त्यांचा अंदाज तीनदा चुकला आणि तिन्ही वेळा चूक लेखकाची निघाली. माझं मत विचाराल तर खुनांचं गणित जरा गुंतागुंतीचं झालंय, माणसं फार येतात. ते बाबांना सांगून पाहिलं. त्यांनी ‘‘हं’’ केलं. तुमचा कुठल्या नंबरचा म्हणायचा तो, मला ठरवता आलं नाही.

म्हणून उशीर झाला, काकू. ती तीन पुस्तकं ३८ दिवस आमच्याकडे राहिली ती मी विसरले म्हणून नव्हे. बाबा दुसऱ्यांदा ऐकत होते आणि मध्येच थांबवून ‘आता त्या जॉइसचं वाच’ म्हणत होते.

एक तक्रारही लिहिते, नाहीतर पत्र फारच गोड होईल. इंग्रजी थरारकथांचे मराठी अनुवाद तुम्ही आणता, त्यांतले बरेच वाचवत नाहीत. पिस्तूल रोखलेला गुंड ‘‘कृपया आपले हात वर करावेत’’ असं बोलतो. रात्री दोन वाजता मी अंथरुणाच्या कडेला बसून तोंडी केलेला अनुवाद त्याहून बरा होता, असं बाबांचं मत. ते निःपक्षपाती नाहीत, हे धरून चाला.

सध्या माझ्याकडे केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ आहे, २००५च्या जपानी कादंबरीचा अनुवाद. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं, आपल्या डोळ्यांदेखत होतो. शेजारचा गणिताचा मास्तर तो लपवायला पुढे येतो आणि प्रश्न उरतो तो कसा, हाच. बाबांना मास्तर आवडलाय. ‘‘पायऱ्या दाखवतोय, उत्तर झाकतोय,’’ म्हणाले. आज सोळावा दिवस. मुदतीत आणून देण्याचा विचार आहे, पण तुमच्या वहीत जागा ठेवा.

तुमची,
रात्रपाळीची सभासद

ता. क. ऑस्मनचा दुसरा भाग, २०२१चा, परत आला असेल तर बाजूला ठेवाल का? बाबा स्वतः न्यायला येणार म्हणताहेत. तुमच्याकडच्या तीन पायऱ्यांना कठडा डावीकडे आहे की उजवीकडे, एवढं कळवा.